बसून दिसेल एवढी खिडकी

साखराबाई बिराजदारांच्या घराला रस्त्याच्या बाजूनं दोन खिडक्या होत्या, पण त्यांतून रस्ता दिसत नव्हता. दोन्ही खिडक्या इतक्या उंच होत्या की उभं राहून हात वर केला तर कडेला कशीबशी बोटं टेकत. आत उजेड यायचा, वारा यायचा, पावसाळ्यात थोडं पाणीही यायचं. दिसायच्या मात्र विजेच्या तारा आणि त्यांच्यामागचं आभाळ.

ते मुद्दाम तसं केलेलं होतं. साखराबाईंचे मालक हणमंतराव शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यातले शेतकरी. त्यांची स्वतःची शाळा लवकर सुटली होती, म्हणून पोरांनी तरी शिकावं हा त्यांचा ध्यास. लातूरला ठेवलेली पोरं डॉक्टर होतात, असं तेव्हा गावोगाव बोललं जायचं. हणमंतरावांनी औसा रोडच्या आतल्या बाजूला प्लॉट घेतला, तीन खोल्या बांधल्या आणि बायकोला दोन्ही लेकरांसह तिथं आणून ठेवलं. स्वतः शेतावर राहायचे आणि शनिवारी शेवटच्या गाडीनं यायचे. बांधकामाच्या वेळी गवंड्यानं विचारलं, खिडक्या कुठं सोडू? हणमंतराव म्हणाले, "पोरगं टेबलावर बसलं की त्याला रस्ता दिसला न्हाई पायजे. डोस्क्याच्या वर घे." गवंड्यानं जरा जास्तच वर घेतल्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली होती. मुलगा दयानंद पुण्यात नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. मुलगी ऋतुजा लग्न होऊन नाशिकला गेली, तिथं तिचा दातांचा दवाखाना आहे. पोरं गेल्यावर हणमंतरावांनी शेत बटईनं दिलं, ते लातूरला येऊन राहिले, आणि काही वर्षांनी ह्याच घरात वारले. गावाकडचं घर दिराच्या वाटणीला गेलेलं. साखराबाई एकट्या उरल्या.

सुरुवातीला तेवढं जाणवलं नाही. दाराबाहेर पायऱ्या होत्या. संध्याकाळी तिथं बसलं की येणारा-जाणारा दोन शब्द बोलायचा. मग गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. रस्ता एवढा वर आला की पायऱ्या त्याच्यात गेल्या आणि पावसाचं पाणी घरात शिरू नये म्हणून दाराशी विटांचा बांध घालावा लागला. त्याच वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तो बांध ओलांडायचा म्हणजे चौकट धरून आधी एक पाय, मग जरा दम खाऊन दुसरा. किराण्याला, दवाखान्याला जाण्यापुरतं ते जमायचं. रोज बाहेर येऊन बसणं संपलं.

तेव्हापासून रस्ता म्हणजे नुसता आवाज राहिला. सकाळी क्लासला जाणाऱ्या पोरापोरींचं बोलणं, चपला, सायकलींच्या घंट्या. मग भाजीवाल्याची हाळी. ती ऐकून साखराबाई कॉटवरून उठायच्या, काठी घ्यायच्या, कडी काढायच्या, तोवर गाडा पुढच्या गल्लीत गेलेला असायचा.

एकदा दुपारी दारासमोरच एक लेकरू रडायला लागलं. कुणीतरी बाई त्याला समजावत होती, मग तिचाही आवाज चढला, मग दोघंही गप्प झाली. साखराबाई कॉटवर बसून कान देऊन ऐकत राहिल्या. लेकरू का रडलं, पडलं होतं की हट्ट करत होतं, त्याला कडेवर घेतलं की तसंच ओढत नेलं, काहीच कळलं नाही. दिवसभर तेच डोक्यात राहिलं. संध्याकाळी त्यांनी ठरवलं, निदान एक खिडकी तरी खाली घ्यायची.

पूर्वी घराचं किरकोळ काम करून गेलेले सटवाजी मिस्त्री बोलावल्यावर आले. त्यांनी भिंतीवर थाप मारून बघितली, बाहेर जाऊन बघितलं आणि मान हलवली.

"काम अवघड न्हाई, माय. वरचं तसंच ठेवायचं, खालची भिंत काढायची, नवी चौकट बसवायची. पण आधी परवानगी काढा."

"घर माझं, भिंत माझी. परवानगी कशाची?"

"भिंत तुमची हाय, पण तोंड रस्त्याकडं हाय की. पलीकडच्या गल्लीत एकानं न इचारता भिंत फोडली, नोटीस आली. अर्धी फोडलेली तशीच हाय अजून, पोतं लावून बसलेत. तुमी कागद आणा, मी लगेच येतो."

साखराबाई रिक्षा करून महापालिकेत गेल्या. खिडकीपलीकडच्या बाईनं नीट ऐकून घेतलं. नकाशा लागेल, तो परवानाधारक इंजिनिअरकडून काढून आणा, घरपट्टीची पावती जोडा, मालकाचा अर्ज जोडा.

"घर कुणाच्या नावावर आहे, मावशी?"

"ह्यांच्या."

"त्यांची सही लागेल मग."

"ते गेले."

बाईनं हातातलं पेन खाली ठेवलं. "मग आधी वारसांची नावं लावून घ्यावी लागतील. मुलं किती?"

"दोघं. पण मी हाय ना, बायको."

"तुम्ही आहातच. पण ती दोघंही वारस आहेत. सगळ्यांची संमती लागते, मावशी. उद्या कुणी तक्रार केली तर?"

तक्रार कोण करणार, असं साखराबाईंच्या ओठावर आलं होतं. रिक्षात बसल्यावर त्यांना वाटलं, खिडकीत बसणार आपण एकटी, आणि संमती घ्यायची ती घर सोडून गेलेल्यांची.

महापालिकेच्या समोरच रुद्राणी स्वामी नावाच्या एका तरुण इंजिनिअर बाईचं छोटं ऑफिस होतं. साखराबाईंनी नकाशाचं काम तिला दिलं आणि दोन दिवसांनी ती मापं घ्यायला घरी आली. भिंतीची लांबी-उंची झाल्यावर ती साखराबाईंना म्हणाली, "आजी, तुम्ही नेहमी जिथं बसता तिथं बसा बरं."

साखराबाई कॉटवर बसल्या. रुद्राणी त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "इथं बसून तुम्हाला काय काय दिसायला पाहिजे?"

असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "माणसं दिसली पायजेत. त्यांची तोंडं दिसली पायजेत."

"रस्ता वर गेलाय, त्यामुळं तोंडं सहज दिसतील. पण लहान मुलं दिसायला हवी असतील तर कड अजून खाली घ्यावी लागेल."

"लेकरं बी दिसू दे."

रुद्राणीनं उठून भिंतीवर पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारली. पुन्हा येऊन बसली, बघितलं, आणि उठून ती रेघ अजून थोडी खाली घेतली. तिनं चहा घेतला नाही, पुढच्या साइटवर जायचं होतं. ती गेल्यावर साखराबाई बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसल्या.

ऋतुजानं फोनवर लगेच होकार दिला. "पाठवते, माय. ग्रिल मात्र दणकट लाव, तू एकटी असतेस." आठवड्याच्या आत तिचं संमतीपत्र कुरिअरनं आलं. साखराबाईंनी पाकीट झटकून बघितलं. आत तेवढा एकच कागद होता. खिडकी कशाला हवी, हे तिनं विचारलं नव्हतं.

दयानंदनं विचारलं.

"आता ह्या वयात कशाला तोडफोड? धुळीनं खोकला होईल तुला. त्यापेक्षा पुण्याला ये ना."

"पुण्याला राहून आले की मी."

"दोन महिन्यांत परत गेलीस. तिथं तर एवढी मोठी खिडकी आहे हॉलला. भिंतभर."

"मोठी हाय, दया. पण तितक्या वरून खालचं माणूस वळखू येत न्हाई."

तो हसला नाही. "बघतो," म्हणाला. त्यानंतर तो कामात असायचा, गाडी चालवत असायचा, मीटिंगमध्ये असायचा. दिवाळी आली, पैसे आले, सुनेचा फोन आला, फराळाचा डबा आला. कागद आला नाही. रुद्राणी मधूनमधून फोन करून विचारायची, आणि साखराबाई सांगायच्या, तो बाहेरगावी गेलाय. एकदा असं सांगून फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचीच चीड आली. त्यांनी दयानंदला फोन लावला.

"दया, तुला सही द्यायची नसंल तर तसं सांग. मी त्या पोरीला म्हणते, कागद परत घे. उगं तिला ताटकळत ठेवू नको."

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "माय, मला ते घर विकायचंय."

"बरं."

"बरं काय?"

"मग काय म्हणू? मी मेल्यावर इक."

"तसं नाही गं. मला त्या घरात एक वीटसुद्धा नवी लावायची नाही. तुला नाही कळायचं ते."

"न्हाई कळत," साखराबाई म्हणाल्या. "सांगितलं तर कळंल."

त्यानं सांगितलं नाही. पण फोन ठेवताना म्हणाला, "येतो."

कागद पुण्याहूनही पाठवता आला असता. तरी तो आला. रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी उतरला, स्टेशनवरच तोंड धुतलं आणि परस्पर महापालिकेच्या कचेरीत पोचला. साखराबाई रिक्षानं तिथं गेल्या. व्हरांड्यात, भिंतीला पाठ लावून उभा असलेला त्यांचा मुलगा त्यांना आधी ओळखूच आला नाही. केस पातळ झाले होते, आणि उभं राहण्याची ढब थेट हणमंतरावांची. त्यानं वाकून नमस्कार केला. सह्या, अंगठा, फोटो, शपथपत्र, सगळं चहा थंड व्हायच्या आत झालं.

"दुपारची बस आहे मला," तो म्हणाला.

"जेवून जा. धपाटे करून ठेवलेत."

घराच्या दाराशी तो बांधापुढं थबकला. पाय उचलून आत आला आणि बाहेरच्या खोलीत उभा राहिला. वडील गेल्यावर दिवसकार्य झालं तेव्हा तो इथं होता, पण तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. आता खोलीत कॉट होती, आणि भिंतीशी त्याचं जुनं टेबल, औषधांच्या डब्यांनी भरलेलं. त्याच्या वर ती खिडकी. टेबलापाशी खुर्ची होती, पण तो कॉटवर बसला.

"ही रेघ कसली?"

"खिडकी तिथपर्यंत येणार. हितं बसून दिसंल."

त्यानं रेघ बघितली, वर खिडकीकडे बघितलं. साखराबाईंनी ताट वाढलं, धपाटे, दही, शेंगाची चटणी. तो मान खाली घालून जेवत होता. अर्धं जेवण झाल्यावर म्हणाला, "दुसऱ्यांदा बारावी दिली ना मी, त्या वर्षीची गोष्ट. गणपतीची मिरवणूक चालली होती इथून. ढोल असा, की टेबल हलायचं. मी टेबलावर खुर्ची ठेवली आणि वर चढलो."

"कधी? मला न्हाई ठावं."

"तू मागं होतीस. शनिवार होता. अप्पा तेवढ्यात गावाकडून आले."

"मारलं?"

"नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं 'उतर' म्हणाले. मी उतरलो. त्यांनी खुर्ची खाली घेतली, टेबल रुमालानं पुसलं, माझी पुस्तकं परत होती तशी लावली. आणि दारात जाऊन बसले. मिरवणूक संपेपर्यंत तिकडे पाठ करून बसले होते. त्यांनीही नाही बघितली."

साखराबाई ताटात आणखी धपाटा ठेवायला पुढं झालेल्या, तशाच थांबल्या.

"मग मार्क नाही पडले," दयानंद म्हणाला. "अप्पा एका शब्दानं बोलले नाहीत. कधीच नाही. गेलो की विचारायचे, नोकरी बरी आहे का, जेवलास का. मला अजून ह्या खोलीत आलं ना माय, की वाटतं अभ्यास राहिलाय. चाळिशी उलटली माझी."

बाहेरून कुणीतरी स्कूटरवर गेलं. आवाज आला, मोठा झाला, गेला. दोघांचीही मान नकळत वर, त्या चौकोनाकडे गेली.

"मला तरी कुठं दिसला रस्ता?" साखराबाई म्हणाल्या. "मी मागं गॅसपाशी. तुमचे डबे, तुमचं दूध. ढोल मी बी ऐकूनच."

त्यानं आईकडे बघितलं. असं त्याच्या कधी मनात आलेलं दिसत नव्हतं. "मग तू तेव्हा का नाही बोललीस?"

"कुणाला बोलू? त्येंनी ते तुमच्यासाठी केलतं. मला वाटायचं, पोरांचं होऊ दे, मग घेऊ खाली. मग तुमचं झालं, तुमी गेलाव. मग त्येंचं दुखणं निघालं." त्यांनी धपाटा ताटात ठेवला. "खा. दही घे अजून."

त्यानं घेतलं. हात धुतल्यावर तो उगाच टेबलावरचे औषधांचे डबे सरळ करत उभा राहिला. आजचा दिवस राहा, असं म्हणायचं साखराबाईंच्या फार मनात होतं. त्या म्हणाल्या, "बस किती वाजता हाय म्हणालास?"

जाताना तो बांधापाशी पुन्हा थांबला. "हे ओलांडून जातेस तू?"

"हाव. चौकट धरून."

"उठू नकोस आता. बस तू."

बाहेर रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला. साखराबाई कॉटवर बसून राहिल्या. रिक्षा चालू झाली, कोपऱ्यावर जरा थांबली, वळली. मग कुठली रिक्षा त्याची आणि कुठली दुसऱ्याची ते कळेना.

नावं लागायला, मग नकाशा मंजूर व्हायला वेळ लागला. महापालिकेचा एक तरुण अभियंता येऊन जागा बघून गेला. संक्रांत झाली आणि रुद्राणीचा फोन आला, "आजी, परवानगी आली." सटवाजी मिस्त्री बोलल्याप्रमाणे लगेच आले, बरोबर त्यांचा भाऊ होता. दोघांनी कॉट आतल्या खोलीत नेली, टेबल बाजूला सरकवून त्यावर पोतं टाकलं आणि छिन्नी लावली. दिवसभर घर हादरत होतं. संध्याकाळी ते गेले तेव्हा भिंतीत रेघेपर्यंत मोकळं भगदाड होतं. खाली विटांचा चुरा, वर जुनी कड. चौकट दुसऱ्या दिवशी येणार होती.

साखराबाईंनी खुर्ची ओढली आणि त्या भगदाडासमोर बसल्या. पदर तोंडाला धरला होता, धूळ अजून उडत होती.

समोर निळं फाटक होतं. बाहेर पडताना त्यांचे डोळे पायाखाली असायचे, त्यामुळं त्यांच्या लक्षातलं फाटक अजून हिरवंच होतं. कोपऱ्यावरचं कडुलिंबाचं झाड तोडलेलं होतं, तिथं दुमजली इमारत उभी होती, तिच्यावर क्लासच्या जाहिरातीत पोरांचे हसरे चेहरे. रस्त्यानं खरी पोरं चालली होती, पाठीवर दप्तरं, एकही हसत नव्हतं. एक माणूस एका हातात पोळ्यांचा डबा आणि दुसऱ्या हातात फोन धरून गेला. साखराबाई एकेकाचं तोंड बघत होत्या. ओळखीचं एकही नव्हतं.

निळ्या फाटकातून एक बाई बाहेर आली. साधारण त्यांच्याच वयाची, ठसठशीत कुंकू, हातात केरसुणी. तिनं भगदाडाकडे बघितलं, मग आत बसलेल्या साखराबाईंकडे. केरसुणी तिथंच टेकवून ती रस्ता ओलांडून आली.

"अक्का, तुमी हितं राहताव?"

"हाव. हे घर माझंच हाय."

"अगं बाई!" ती बाई अगदी जवळ आली. "आमाला वाटायचं हे घर बंदच हाय. नातीला म्हणायचे मी, कोन्या सावकाराचं घर असंल, नुसतं बांधून ठेवलंय. दोन वर्षं झाली की आमी हितं समोर राहतावं."

"मी आतच होते," साखराबाई म्हणाल्या आणि हसल्या. त्या बाईही हसल्या. त्यांचं नाव गुरम्मा. गाव उदगीरच्या पलीकडे, सीमेलगत, त्यामुळं बोलताना मधूनच कानडी शब्द यायचा. नात साक्षी डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. तिच्या आईबापांना शाळेची नोकरी सोडून येता येत नव्हतं, म्हणून नातीला रांधून घालायला आजीला पाठवलं होतं.

त्या गेल्यावर साखराबाईंनी भाकरी कुस्करून दुधात घातली, पण दोन घास खाऊन ताट बाजूला सारलं. सडा घालता येत नव्हता तरी रोज सकाळी उठून त्यांनी दारातली फरशी आतून पुसली होती. देवापुढं दिवा लावला होता. कुकरच्या शिट्ट्या झाल्या होत्या. दोन वर्षं समोरच्या माणसाला वाटत होतं, घर बंद आहे.

चौकट बसली, ग्रिल बसलं, गिलावा वाळला. साखराबाईंची कॉट खिडकीपाशी आली. पहिले काही दिवस त्यांना लाज वाटायची. सगळं जग आपल्याकडे बघतंय असं वाटून त्या घडोघडी पदर सारखा करायच्या. मग लक्षात आलं की कुणीच बघत नाही. पोरं मान खाली घालून जायची, बायका फोनवर बोलत जायच्या. भाजीवाला मात्र आता थांबायचा. ग्रिलमधून पिशवी आत द्यायचा, सुटे पैसे द्यायचा, आणि घाईनं निघून जायचा.

गुरम्मा रोज यायच्या. साक्षी क्लासला गेली की त्या खिडकीबाहेर उभ्या राहायच्या, पुढं पुढं तर घरून एक स्टूलच आणायला लागल्या. आत या म्हटलं तर म्हणायच्या, "न्हाई अक्का, पोरगी मधीच आली तर कुलूप दिसंल तिला." मग दोघी ग्रिलच्या दोन बाजूंना बसायच्या. काय रांधलं, काय दुखतंय, गावाकडं कुणाचं लग्न ठरलं. गुरम्मा म्हणायच्या, "पोरगी घरी असली की घरात टाचणी पडल्याली ऐकू येती. भांडं बी हळू ठेवावं लागतं. गावाकडं मी दिवसभर बडबडनारी बाई. हितं येऊन माझं त्वांड गंजलंय."

"सवय होती," साखराबाई म्हणायच्या. त्यांनी हेच कितीतरी वर्षं केलं होतं. पण ते त्यांनी गुरम्मांना एकदम सांगितलं नाही, थोडंथोडं करून सांगितलं.

साक्षीशी बोलणं असं झालंच नाही. एकदा दुपारी ती फाटकात येऊन नुसती उभी राहिली, कुठंच न बघता. साखराबाईंनी खिडकीतून हात वर केला. पोरीनं दचकून बघितलं, मग तिनंही हात वर केला, आणि एकदम लहान पोरीसारखी हसली. मग आत गेली.

परीक्षा मे महिन्यात झाली. दुसऱ्याच दिवशी समोर टेम्पो आला. गाद्या, गॅस, पुस्तकांची पोती चढली. साक्षीचे वडील सामान बांधत होते. गुरम्मांनी ग्रिलमधून हात आत घातला आणि साखराबाईंचा हात धरला.

"पेपर बरा गेला म्हनती. बघू. येते अक्का."

"या. उदगीर काय लांब न्हाई."

"न्हाई, लांब कुठं," गुरम्मा म्हणाल्या. दोघींनाही माहीत होतं की एकीला बांधच कसाबसा ओलांडवतो आणि दुसरीला एकटीनं एसटी चढवत नाही.

टेम्पो गेला. निळ्या फाटकाला कुलूप लागलं. ऊन एवढं होतं की दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसायचं. साखराबाई खिडकीत बसायच्या आणि ते कुलूप समोर दिसत राहायचं. पूर्वी बरं होतं, असंही त्यांना एकदा वाटून गेलं. दिसत नव्हतं तेव्हा बाहेर बरंच काही असेल असं वाटायचं. दयानंदचा फोन आला, "कशी आहे खिडकी?" तर त्या "बरी हाय" म्हणाल्या. कुलपाचं काय सांगायचं.

"उजेड येतो?"

"लई येतो."

"बरं," तो म्हणाला. "माय, दुपारी पडदा लाव. ऊन लागेल."

चार-पाच दिवसांनी सटवाजी मिस्त्री न बोलावता आले, बरोबर रेती, सिमेंट. "दयानंदरावांचा फोन होता. दाराशी उतार करायचाय. बांध राहील, पण दोन्हीकडून उतार देतो, काठीनं आरामात जाताल."

"मला न्हाई बोलला तो."

"मला बोलले. बाजूला कठडा बी करा म्हणाले, धरायला."

"ह्याला कागद लागत न्हाई का?"

"न्हाई माय," मिस्त्री हसले. "हे आपल्या हद्दीतच हाय."

साखराबाईंनी त्या दिवशी दयानंदला फोन लावला. तो कामात होता. "उतार झाला," एवढंच त्या म्हणाल्या. "पाणी मार त्याच्यावर आठ दिवस," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. त्या रोज सकाळ-संध्याकाळ तांब्यानं पाणी घालत राहिल्या.

जूनमध्ये क्लास पुन्हा सुरू झाले आणि गल्लीत सामानाच्या गाड्या यायला लागल्या. एका सकाळी समोरचं कुलूप निघालं. एक बाई रिक्षातून पोती उतरवत होती. तरुणच होती, पस्तिशीच्या आतबाहेरची. बरोबर उंच, किडकिडीत पोरगा होता, चष्म्याचा. रिक्षा गेली. पोरगा पुस्तकांची पेटी घेऊन आत गेला. बाई कळशी घेऊन बाहेर आली, फाटकाजवळच्या नळाची तोटी तिनं फिरवून बघितली, आणि मोकळी कळशी धरून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत उभी राहिली. कुठलं दार वाजवावं हे तिला कळत नव्हतं.

"बाई!" साखराबाईंनी हाक मारली.

तिनं इकडंतिकडं बघितलं.

"हिकडं, खिडकीत बघा. त्या नळाला दुपारपातूर पाणी येत न्हाई. माझ्या टाकीत हाय. आणा कळशी."

बाई रस्ता ओलांडून आली. जवळून बघितलं तर तिचे डोळे लाल होते. "आत्ताच आलाव," ती म्हणाली. "देगलूरकडचे आमी. हितं कुणी वळखीचं न्हाई."

"आवरा मग, पाणी घ्या आधी," साखराबाई म्हणाल्या. "दार उघडंच हाय."